बेळगावात कामाला आलात? आधी कागद हलवू नका

दिवाळी जवळ आली की चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडच्या शिवारांत ऊसतोड्यांच्या खोप्या उभ्या राहायला लागतात. बीड, जालना, जत अशा भागांतून टोळ्या येतात. बेळगाव शहरात उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉपचं काम वर्षभर चालू असतं. तिथं चंदगड-गडहिंग्लजच्या पोरांच्या बरोबरीनं बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार दिसतात. निपाणीत तंबाखू आणि विड्या, शहापूर-वडगावात माग. शिवाय कागल, चंदगडाकडून लग्न होऊन आलेल्या लेकी आहेतच. या सगळ्यांना पहिल्या आठवड्यात कुणीतरी हमखास सांगतं, "आधी आधारवरचा पत्ता बदला, मग पुढचं सगळं होतंय."

बऱ्याच जणांना हा सल्ला उलटा पडतो. इथला पत्ता लागला म्हणून इथलं रेशन कार्ड लगेच मिळत नाही, आणि गावाकडचं जे चालू असतं ते मात्र अडकतं. म्हणून काय हलवायचं आणि काय गावातच ठेवायचं, ते आधी ठरवा.

किती दिवसांसाठी आलात?

हंगामापुरते आला असाल, म्हणजे पाच-सहा महिने, तर एकही कागद बदलू नका. रेशन, आयुष्मान कार्ड, ई-श्रम, अंगणवाडी, लसीकरण, मुलांची शाळा यातल्या कशालाही इथला कायमचा पत्ता लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. त्याचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून मिळतं. ते निघण्याआधीच काढून घ्या, कारण त्या महामंडळाच्या योजना गावाकडच्या रहिवासाला बांधलेल्या आहेत. लाडकी बहीणचंही तेच.

दोन-चार वर्षांसाठी आला असाल तर भाडेकरार, बँकेतला पत्ता, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) एवढं इथं आणा. रेशन कार्ड राहू द्या.

कायमचे आला असाल तर सगळंच हलवायचं आहे, पण क्रमानं. तो क्रम पुढं दिला आहे, कारण त्यातच जास्त लोक अडकतात.

तिन्ही प्रकारच्या लोकांनी एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात करावी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते बघावं. सिम बंद पडलेलं असतं, किंवा नंबर गावातल्या भावाचा असतो, आणि मग प्रत्येक खिडकीवर ओटीपीसाठी बीडला फोन लावत बसावं लागतं. नंबर बदलायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. आधार केंद्रात जाऊन बोटं दिली की काम होतं.

रेशन: कार्ड तिकडचं, धान्य इकडं

केंद्राच्या अन्नसुरक्षा कायद्यातलं कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. यालाच 'एक देश, एक रेशन कार्ड' म्हणतात. महाराष्ट्रातलं अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर ते अथणीत, निपाणीत, खानापुरात कुठंही चालायला पाहिजे. केशरी कार्डांपैकी सगळीच या कायद्यात येत नाहीत. आपलं येतं का, हे गावातल्या दुकानदाराला निघायच्या आधी विचारा.

इथं आल्यावर जवळच्या रेशन दुकानात जा. बरोबर कार्डाचा नंबर किंवा आधार नंबर असला तरी पुरतो. दुकानदाराला नेमकं सांगायचं ते असं: "अण्णा, महाराष्ट्राचं कार्ड आहे, पोर्टेबिलिटीवर घालून बघा." पोर्टेबिलिटी हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं "आम्हाला रेशन मिळतंय का" असं विचारलं की उत्तर नाही असंच येतं, कारण त्याच्या यादीत तुमचं नाव नसतं.

मग मशीनवर अंगठा. ऊस तोडणाऱ्याच्या, फाउंड्रीत वाळू-लोखंड हाताळणाऱ्याच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे अंगठा लागत नाही. दुकानदार दोनदा बघतो आणि "पुढच्या महिन्यात या" म्हणतो. तसं परत फिरू नका. हात साबणानं धुऊन, पुसून, जरा ओलसर असताना दुसरी बोटं लावून बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बऱ्याचदा चालून जातं. नाहीच लागलं तर घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. कार्डात नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या कुणालाही धान्य घेता येतं. सासूबाईंचा अंगठा लागतो आणि मुलाचा लागत नाही, असं इथं नेहमीच बघायला मिळतं.

मिळतं किती? प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे त्यासाठी कुणी पैसे मागितले तर पावती मागा. कर्नाटक सरकार आपल्या कार्डधारकांना अन्नभाग्यमधून वरचं जे देतं ते तुम्हाला मिळणार नाही, त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. आणि इथं मुख्यतः तांदूळ येतो. गहूच पाहिजे म्हणून बसलात तर हात हलवत परत जाल.

अर्धं कुटुंब गावात असेल तरी अडचण नाही. म्हातारे आई-वडील त्यांच्या वाट्याचं गावात उचलू शकतात, तुम्ही तुमच्या वाट्याचं इथं. फक्त आधी फोनवर ठरवून घ्या, नाहीतर ज्यानं आधी अंगठा लावला त्यानं सगळंच उचललेलं असतं. या योजनेच्या तक्रारीसाठी १४४४५ हा नंबर आहे.

कचेरीतली नावं बदलतात

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा अर्धा वेळ कुणाला भेटायचं हे शोधण्यात जातो. कलेक्टर म्हणजे इथं डीसी. प्रांत म्हणजे एसी, आणि जिल्ह्यात अशी तीन कार्यालयं आहेत: बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी. ग्रामसेवकाच्या जागी पंचायतीचा पीडीओ. शाळेच्या तक्रारीसाठी बीईओ, अंगणवाडीसाठी सीडीपीओ. उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढायचा तर नाडकचेरीत. गावात ग्राम वन आणि शहरात कर्नाटक वन अशी सेवा केंद्रं आहेत. आपलं सेवा केंद्र तसंच ते. वीज म्हणजे हेस्कॉम.

भाषेबद्दल स्पष्ट बोलतो. कचेरीचं काम कन्नडमध्ये चालतं, फॉर्म कन्नडमध्ये असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीत समोरच्या माणसाला मराठी येण्याची शक्यता भरपूर असते, तरी तो खुर्चीवर बसून मराठी बोलेलच असं नाही. गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमानं दिला आहे, म्हणजे मराठीत लिहिलेली तक्रार नाकारता येत नाही. पण काम लवकर व्हायला पाहिजे असेल तर मराठी अर्जाला मागं कन्नडमध्ये चार ओळी जोडा. गल्लीतला शाळकरी पोरगाही लिहून देतो. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमच्या खिडकीवरच्या कारकुनाच्या हातात त्यातलं काही नाही.

तीन वाक्यं पाठ करून ठेवा. "एल्लि कोडबेकु?" म्हणजे कुठं द्यायचं. "यावाग बरबेकु?" म्हणजे कधी यायचं. "रसीदि कोडरी" म्हणजे पावती द्या. तिसरं सगळ्यात उपयोगाचं. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

मजुरी, उचल आणि वही

ऊसतोडीला आलेल्यांसाठी या लेखातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) घेताना मुकादमाच्या वहीत सही किंवा अंगठा दिलेला असतो. पण ती वही त्याच्याकडं राहते. हंगाम संपताना हिशेब निघतो तेव्हा त्यात खाडे निघतात, आजारपणात दिलेले पैसे निघतात, किराण्याचे पैसे निघतात, आणि फिटलेली उचल परत अंगावर राहते. यावर उपाय एकच आहे, आपली स्वतःची वही. दहा रुपयांची शाळेची वही पुरते. रोज संध्याकाळी तारीख, फड कुणाचा, गाडी नंबर, किती टन आणि त्या दिवशी हातात काय घेतलं, एवढंच लिहायचं. काट्याच्या पावतीचा किंवा चिटबॉयच्या (कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या) चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढायचा. टोळीत लिहिता येणारी एखादी पोरगी असतेच, तिच्याकडं हे काम द्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, म्हणून दोघांचं मिळून एकच नाव लिहितात. तुमच्या वहीत मात्र दोघांची नावं वेगळी लिहा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर बाईनंही काम केलं होतं हे कागदावर दिसायला पाहिजे.

उचल फिटली नाही म्हणून जाऊ देत नाहीत, आधार कार्ड काढून घेतलं, पोराला ठेवून घेतलं, असं घडलं तर तो नुसता पैशाचा व्यवहार राहत नाही. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ पासून आहे आणि तो अशा कर्जाला कर्ज मानतच नाही. तक्रार एसी किंवा तहसीलदाराकडं करायची, अंगावर आलं असेल तर आधी ११२. पोलीस ठाण्यात "आपसात मिटवा" असं सांगितलं गेलं तर तिथंच न थांबता १५१०० वर फोन करा. हा मोफत कायदा मदतीचा देशभराचा नंबर आहे. बेळगावच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, वेठबिगारीतून सुटलेले आणि कारखान्यातले कामगार यांना वकील फुकट मिळतो.

कारखान्यात, फाउंड्रीत, बांधकामावर असाल तर पगार बुडाल्याची तक्रार लेबर इन्स्पेक्टरकडं. कर्नाटकच्या कामगार खात्याचा मदत नंबर १५५२१४. ठेकेदार पळून गेला म्हणून मजुरी बुडत नाही, मूळ मालकही त्याला जबाबदार असतो. त्यामुळे तक्रारीत ठेकेदाराच्या नावाबरोबर कारखान्याचं नाव नक्की लिहा. गेटचा फोटो असला तर आणखी बरं. तक्रारीला उशीर करू नका, साक्षीदार गावाला गेले की प्रकरण थंड होतं.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल तर तुमचं ईएसआय कापलं पाहिजे. कापतात आणि नंबर देत नाहीत, हाही प्रकार चालतो. पगार स्लिप मागा, नंबर मागा. त्या नंबरावर घरच्यांनाही उपचार मिळतात. पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) जुनाच पुढं चालवा, प्रत्येक कारखान्यात नवा काढू देऊ नका.

ई-श्रम कार्ड फुकट निघतं, वय १६ ते ५९ आणि पीएफ-ईएसआय नसलेल्यांसाठी. गावाकडं काढलं असेल तर इथं परत काढायची गरज नाही. त्याचा नंबर १४४३४. बांधकामावरच्या लोकांसाठी याहून कामाची गोष्ट म्हणजे कर्नाटकच्या बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६०. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघाताला मदत मिळते. एजंट यासाठी बरेच पैसे घेतात आणि काम न केलेल्यांचीही कार्डं काढून देतात. अशी कार्डं नंतर रद्द होतात, त्या भानगडीत पडू नका.

दवाखाना

१०८ ला फोन केला की ॲम्ब्युलन्स येते, पत्ता-कार्ड कुणी विचारत नाही. फडात असाल तर गावाचं नाव, जवळची शाळा किंवा देऊळ सांगा, आणि एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करा. खोप्यांपर्यंतची वाट रात्री ड्रायव्हरला सापडत नाही.

बेळगावात बिम्स म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल. मोठ्या आजाराला लोक बहुतेक तिथं किंवा नेहरूनगरला केएलईमध्ये जातात. आयुष्मान भारतचं कार्ड महाराष्ट्रात काढलेलं असलं तरी ते इथल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं. कार्ड नुसतं राज्याच्या योजनेचं असेल तर ते राज्याबाहेर चालेल असं धरून चालू नका. दाखल होण्याआधी, पैसे भरण्याआधी, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा आणि "दुसऱ्या राज्याचं आयुष्मान आहे" असं सांगा. तातडीचं नसेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून पुढं पाठवण्याची चिठ्ठी घेणं बरं, इथली पद्धत तशी आहे. अडलं तर १४५५५.

पोटुशी बाई बरोबर असेल तर गावाकडचं माता-बाल कार्ड आणायला विसरू नका. इथं त्याला तायी कार्ड म्हणतात. गावातल्या आशा सेविकेला शोधा, ती तुमच्या वस्तीवर येत नसेल तर अंगणवाडीच्या बाईंना सांगा. कर्नाटकात मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण मिळतं. टीबीचं औषध चालू असेल तर एक दिवसही खंड न पाडता इथल्या सरकारी दवाखान्यात निक्षय नंबर (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) दाखवा, गोळ्या फुकट मिळतात.

एक गोष्ट ऊसतोडणाऱ्या बायकांसाठी. पाळीच्या तक्रारीवर कुणी "पिशवी काढून टाका, खाडे वाचतील" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. आधी सरकारी हॉस्पिटलात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. बीड जिल्ह्यात किती ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं पाहिलं.

बाळ इथं जन्मलं तर नोंद इथंच होते, २१ दिवसांच्या आत फुकट. दाखला हातात घेण्याआधी नाव-आडनावाचं स्पेलिंग आई-वडिलांच्या आधारशी ताडून बघा. कन्नड लिपीतून इंग्रजीत येताना मराठी आडनावाचं काहीतरी भलतंच होतं. ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे. गावाला गेल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे परत बेळगावची वारी.

मुलांची शाळा

टीसी नाही, जन्मदाखला नाही, वर्ष निम्मं संपलं, यातलं कुठलंही कारण सांगून ६ ते १४ वयाच्या मुलाला सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांत कर्नाटक सरकारच्या मराठी शाळा आहेत. आधी त्या शोधा. तिथं कन्नड हा विषय पहिलीपासून असतो, त्याची भीती बाळगू नका. लहान पोरं दोन महिन्यांत आपल्याला शिकवायला लागतात. अथणी-रायबागच्या पूर्वेकडं मराठी शाळा लांब पडली तर जवळच्या कन्नड शाळेत बसवणं मला घरी ठेवण्यापेक्षा बरं वाटतं. दुपारचं जेवण मिळतं, पोरगं फडात फिरत नाही.

गावाकडच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळत असेल तर आणा. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि आजी-आजोबा लक्ष देणारे असतील तर मुलांना तिथंच ठेवण्याचा विचार गंभीरपणे करा. पाच-सहा वर्षांखालच्या पोरांना अंगणवाडीत घाला. खोपीजवळ उसाचे ट्रॅक्टर मागं-पुढं होत असतात, तिथं लहान मूल एकटं ठेवू नये.

मुलं हरवली, कामाला जुंपली, मारहाण झाली तर १०९८. बायकांसाठी १८१.

खोली, गॅस, बस

खोली घेताना ११ महिन्यांचा करार करा, स्टॅम्पवर. तोंडी व्यवहारात डिपॉझिट अडकतं, आणि पत्त्याचा पुरावाही हातात राहत नाही. गृहज्योती योजनेतली २०० युनिटपर्यंतची मोफत वीज भाडेकरूलाही मिळू शकते, त्यासाठी करार उपयोगी पडतो. मालक स्वतःच वीज बिलाचे पैसे वेगळे घेत असेल तर मीटर कुणाच्या नावावर आहे आणि बिल किती येतं ते एकदा बघून घ्या.

५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. उज्ज्वला घ्यायचं असेल तर बाहेरून आलेल्यांना पत्त्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चालतं.

बायकांना कर्नाटकात शक्ती योजनेत साध्या बसचा प्रवास फुकट, हे ऐकून आलेल्यांची कंडक्टरशी रोज बाचाबाची होते. ती सवलत ११ जून २०२३ पासून आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर. महाराष्ट्राचं आधार दाखवलं तर तिकीट काढावं लागतं. महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट मिळतं, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

शहरात इंदिरा कॅन्टीन आहेत. ५ रुपयांत नाष्टा, १० रुपयांत जेवण. खोली मिळेपर्यंतचे दिवस तिथं निघतात.

एमएच नंबरची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथं ठेवायची असेल तर एनओसी आणून नंबर बदलावा लागतो. त्याच्या आत असाल तर आल्याची तारीख दाखवणारा एखादा कागद गाडीत ठेवा, म्हणजे तपासणीत बोलायला आधार राहतो.

कायमचे आलेल्यांनी: हा क्रम

करार किंवा घराचा कागद, मग आधारवरचा पत्ता, मग बँक, मग मतदार यादी. मतदार यादीत नवं नाव घालायचं नाही, फॉर्म ८ भरून जुनं नाव इकडं आणायचं. दोन्हीकडं नाव ठेवणं गुन्हा आहे, आणि सीमाभागात त्यावर लोकांचं बारीक लक्ष असतं. मतदार यादीची चौकशी १९५० वर.

रेशन कार्ड सगळ्यात शेवटी. इथल्या नव्या बीपीएल कार्डाचे अर्ज वर्षभर उघडे नसतात. महाराष्ट्रातल्या कार्डातून नाव कमी करून दाखला आणला आणि इथला अर्ज बंद, असं झालं की तुम्ही दोन्हीकडून रिकामे. ग्राम वन किंवा कर्नाटक वनमध्ये विचारून अर्ज चालू झाल्याचं कळलं की मगच नाव कमी करा. लग्न होऊन आलेल्या मुलींच्या बाबतीत तर हे वडिलांनी लक्षात ठेवावं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात नाव काढून टाकायची घाई करतात आणि पोरीचं नाव दोन वर्षं कुठंच नसतं. गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये कर्नाटकच्या रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद असलेल्या बाईला मिळतात, म्हणजे नव्या सुनेचा नंबर सासूच्या नंतर.

जातीच्या दाखल्याबद्दल गैरसमज फार आहे. दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला इथल्या राज्य सरकारच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. जात तीच, नाव दोन्ही यादींत असलं तरी. लग्नानं बाईची जात बदलत नाही, तिचा दाखला वडिलांच्या बाजूनंच निघतो. म्हणून मूळ दाखला जपून ठेवा. कॉलेजच्या सरकारी कोट्यासाठी कर्नाटकात सात वर्षं शिकल्याची अट असते, मुलगा आठवीत आला असेल तर हा हिशेब आधीच मांडा.

देशाबाहेरून आलेल्यांसाठी

१९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, त्यामुळे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी लोकांची व्यवस्था सरकार स्वतः बघतं. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला १९६६ पासून त्यांची वसाहत आहे. त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राचं नूतनीकरण वेळेत व्हावं लागतं. इतर देशांतून जीव वाचवून आलेल्यांचे अर्ज दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडं जातात, पण त्यांचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. जिल्ह्यातली परदेशी नागरिकांची नोंदणी पोलिसांकडं होते. घरमालकांनो, परदेशी माणसाला खोली दिलीत तर २४ तासांत कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. अशा घरातल्या मुलाला शाळा नाकारता येत नाही, आजारी माणसाला सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत. व्हिसा संपलेला असेल तर एजंटाच्या मागं न लागता आधी कायदा सेवा प्राधिकरणाचा वकील गाठा.

गल्लीतली माणसं

सरकारी दारापेक्षा आधी उघडणारं दार म्हणजे गल्लीचे पंच. बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळात प्रत्येक गल्लीला पंचमंडळी आहेत, गणेशोत्सव मंडळ आहे. खोली कुठं रिकामी आहे, कुठला दुकानदार सरळ आहे, कन्नड अर्ज कोण लिहून देतं हे त्यांना ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात जाऊन स्वतःची ओळख द्या, कुठल्या गावचे, कुणाकडं कामाला, कुठं राहता. मंडळाच्या वर्गणीत जमेल तेवढे टाका. बायकांनी स्त्रीशक्ती संघाची किंवा बचत गटाची चौकशी करावी. नव्या बाईला गटात लगेच घेत नाहीत, चार-सहा महिने ओळख व्हावी लागते. तोवर दारात येऊन आधारच्या झेरॉक्सवर कर्ज देणाऱ्यांपासून लांब राहा. वसुलीवाले त्रास देत असतील तर कर्नाटकात २०२५ मध्ये खास त्यासाठी कायदा आला आहे, पोलिसांत तक्रार देता येते.

परत जाताना

हंगाम संपल्यावर गाडी भरायच्या आदल्या दिवशी धावपळ होते, म्हणून ही कामं आठवडाभर आधी उरका. मुकादमाच्या वहीशी आपली वही टोळीच्या समोर जुळवा आणि शिल्लक किती ते त्याच्या सहीनं लिहून घ्या. शाळेतून हजेरीचा दाखला आणि टीसी घ्या, त्यावर मुलाचा कर्नाटकचा विद्यार्थी क्रमांक आहे का बघा. बाळाच्या लसींची नोंद कार्डावर करून घ्या. टीबीच्या गोळ्या गावातल्या दवाखान्याकडं वर्ग करायला सांगा आणि प्रवासापुरत्या बरोबर न्या. त्या महिन्याचं रेशन इथंच उचलणार असाल तर गावाला फोन करून सांगा. खोलीचं डिपॉझिट किल्ली देण्याआधी हातात घ्या.